रिकाम्या यादीतलं पहिलं नाव

सर, पाचोडचा टँकर तुमच्यामुळं चुकला नव्हता, माझ्यामुळं चुकला. तुम्हाला ते कळलंच असणार. पण मी तोंडानं कधी कबूल केलं नाही, आणि आता तुम्ही जाऊनही किती वर्षं झाली.

औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तुमचा कॉम्प्युटर क्लास. त्या दुष्काळात टँकर कचेरीनं तुम्हाला काम दिलं होतं, रोज कुठला टँकर कुठल्या गावाला जाणार ते ठरवणारा प्रोग्राम. तो लिहायचं काम तुम्ही भरवशानं माझ्या हाती दिलंत. मला अजून दिसतंय, तुम्ही माझ्या खुर्चीमागं उभे आहात. प्रोग्राम मध्येच थांबतो, पडद्यावर खिडकी उघडते: अमुक ओळ, यादी रिकामी. "बघ," तुम्ही म्हणता, "गावं संपली तरी तू यादीतलं पहिलं नाव मागतीयस. आत्ता डीबगमधी हाय, चुका धरायची तपासणी चालू हाय, म्हणून ही तयार कोडची लायब्ररी तोंडावर सांगती. तपासणी काढली की गप बसती, अन् हाताला लागंल ते देती. आरडतीय तोवर ऐकून घे गं बाई!"

दोनच ओळी लिहायच्या होत्या: यादी रिकामी असेल तर टँकर थांबवून ठेव. पण त्या कुठं घालायच्या ते काही केल्या सापडेना. कचेरीचा माणूस दुपारी न्यायला येणार. माझं डोकं तापलं आणि मी सरळ ती तपासणीच बंद केली. खिडकी यायची थांबली. "झालं का?" तुम्ही चहा घेऊन येत विचारलंत. मी म्हणाले, "व्हय सर, झालं."

तिसऱ्याच दिवशी सकाळची यादी लवकर संपली. पाचोडचा निरोप दुपारी यायचा होता, तोवर उरलेला टँकर त्यांच्यासाठी राखायचा होता. प्रोग्रामनं रिकाम्या यादीतलं पहिलं नाव मागितलं, आणि लायब्ररीनं तिथं पडलेलं जुनं नाव काढून दिलं, करमाडचं. करमाडला दोनदा पाणी गेलं. पाचोडच्या बाया उन्हातान्हात हंडे मांडून अंधार पडेपर्यंत बसल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीचा साहेब क्लासात येऊन सगळ्या पोरापोरींसमोर तुम्हाला वाट्टेल ते बोलला. "मास्तर, जमत नाय तर घेता कशाला?" तुम्ही म्हणालात, "माझीच चूक झाली साहेब. मी बघायला पायजे होतं." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. तुम्ही नंतरही मला काही विचारलं नाहीत. एकदा खडसावलं असतंत तर बरं झालं असतं हो, सर. त्यानंतर कचेरीनं तुम्हाला काम दिलं नाही.

आता शहर पार करमाडला जाऊन टेकलंय. मी शेंद्र्याकडं फ्लॅट घेतलाय, एकटीच असते. कधी कधी शनिवारी ऑफिसातून निघाल्यावर सोमवारपर्यंत आवाजच निघत नाही माझा. माझ्या कामात डोकावून कुणी बोललं, तर ते तुम्हीच. पुन्हा तसं कुणी भेटलं नाही.

आज एका नव्या मुलीनं वैतागून तपासणी बंद केलेली दिसली. मी लई चिडले तिच्यावर, मग बाजूला बसवून टँकरची गोष्ट सांगितली, कुणाचं नाव न घेता. पाचोडच्या बायांपर्यंत आले तेव्हा तिचे डोळे भरले. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, तो प्रोग्राम लिहिला कुणी होता?"

हे पत्र कुणाकडं जायचं नाही, म्हणून हेही खरं लिहिते. मी तिला म्हणाले, "आमच्या सरांनी."