मला जरा वास येतोय

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे साष्टांगातली सहा अंगं वाकायला तयार नाहीत. उरलेल्या दोन अंगांनी केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? पाठीला शेक घेतेस ना? लेकीचं बाळ आता पावलं टाकू लागलं असेल. (बाळंतपणापुरती महिनाभर जाऊन येते म्हणाली होतीस. त्या महिन्याला येत्या सोमवारी अकरा महिने होतील. ही तक्रार नव्हे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे वेळेकडे आपोआप लक्ष जातं, इतकंच.) इकडे मी मजेत आहे. घर जागेवर आहे आणि गल्लीही जागेवर आहे. गल्लीचं मुद्दाम लिहिलं, कारण गेल्या मंगळवारी तसं छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

घाबरू नकोस. (तू घाबरायची नाहीस, चिडशील, म्हणून सगळं क्रमानं सांगतो.) घरामागच्या पट्ट्यातून गॅसची मोठी पाइपलाइन जाते आणि तिची बोटाएवढी फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीखालून आत येते, हे मी तुला काय सांगावं? पिवळे खांब रोवले तेव्हा कंपनीनं वाटलेलं सूचनांचं पत्रक तूच कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंस आणि दर महिन्याला माझी तोंडी परीक्षा घेत आलीस. वास आला, फुसफुस ऐकू आली, हिरव्या गवतात एकच तुकडा वाळलेला दिसला, डबक्यात उगाचच बुडबुडे आले, तर काय करायचं? दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, काडी ओढायची नाही, घरातून फोन करायचा नाही, शहाणपणा करून कुठलीही चावी फिरवायची नाही. पायी, वाऱ्याच्या उलट दिशेनं लांब जायचं आणि तिथून कळवायचं. मी घडाघडा म्हणायचो आणि तू म्हणायचीस, "पाठांतर छान आहे रे, पण मुळात वास येणार कसा तुला?" प्रश्न रास्त होता. सातव्या वर्षीच्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. घरात माणसं दोन आणि नाक एक, आणि ते एक तू सामानाबरोबर घेऊन गेलीस.

आता मूळ गुन्हा कबूल करतो. त्या पत्रकात सर्वांत मोठ्या अक्षरांत एक ओळ होती, आठवते? 'खणण्याआधी फोन करा.' मी फोन केला नाही. विसरलो असं नाही. फोनवरची बाई विचारणार, काय खणताय, कशासाठी? मग सांगावं लागणार, की बहिणीला स्वयंपाकघराच्या खिडकीशी लिंबाचं झाड हवं होतं, वीस वर्षं ती म्हणत आली आणि वीस वर्षं मी बघू म्हणत आलो, आणि आता ती परत येईल तेव्हा खिडकी उघडल्या उघडल्या तिला ते दिसावं. परक्या बाईला हे सगळं सांगायचं माझ्या जिवावर आलं. (मला घुम्या हे नाव तूच ठेवलंस. घुम्या माणसाला फोन करायला लावणारी सूचना लिहिणाऱ्यानं थोडा विचार करायला हवा होता.) तेव्हा मंगळवारी सकाळी कुदळ घेतली आणि खिडकीखाली सुरू केलं. दोन वितीवर काहीतरी लागलं. मला वाटलं, मूळ असेल. आणखी एक घाव घातला. मग बारीक फुसफुस ऐकू आली. ताई, मनगटी घड्याळाच्या पोटातला रुसवा ज्यांना ऐकू येतो ते हे माझे कान. पण मला वाटलं, मीच धापा टाकतोय. वयाचा दोष म्हणून मी कुदळ ठेवली आणि आत येऊन पंखा न लावताच घाम पुसत बसलो.

इतक्यात शेजारचे वकीलसाहेब आले. (अजून तसेच आहेत. 'दोनच मिनिटं' म्हणून येतात आणि दोन चहांनंतर प्रास्ताविक संपतं.) ते उंबरठ्यात थबकले, नाक वर केलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे मला जरा वास येतोय हो." आता तूच सांग, मी याचा काय अर्थ घ्यायचा? पाहुणा चिकटून बसला की तू पदर सावरत हेच वाक्य म्हणायचीस, मी पत्रकातल्या सूचना म्हणायला लागायचो आणि पाहुणा चपला हातात घेऊन बाहेर. या एका वाक्यावर आपण किती माणसं घालवली! मला वाटलं, वकिलांना आपली युक्ती कळली आणि ते माझ्यावरच उलटवतायत. बसायची इच्छा नाही, तर सरळ सांगायचं सोडून टोमणा मारतायत. मी दुखावलो. (घर रिकामं असलं की माणूस लवकर दुखावतो.) हट्टानं त्यांना खुर्चीत बसवलं, म्हटलं, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही, आणि स्वयंपाकघरात शिरलो. लायटरनं आदल्याच दिवशी मान टाकली होती, म्हणून काडेपेटी शोधू लागलो.

ती सापडली नाही, म्हणून हे पत्र तुला मिळतंय. डबे उघडले, फडताळ उपसलं, तुझ्या शिवणाच्या पेटीतही पाहिलं. काडेपेटी तू कुठे ठेवतेस हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, आणि त्यावरून मी मनातल्या मनात तुला नाही नाही ते बोलत होतो, तेवढ्यात दारात पायदळ उभं राहिलं. पायदळ म्हणजे तोच, दर आठवड्याला पिवळ्या खांबांच्या कडेनं वास हुंगणारं यंत्र घेऊन चालत जाणारा कंपनीचा माणूस. हे नावही तुझंच. यंत्र त्याच्या हातात ठणाणा करत होतं. तो एवढंच ओरडला, "कशालाही हात लावू नका, बाहेर व्हा!" आम्ही बाहेर आलो. तिथं वकिलांनी मुद्दा काढला, की वाऱ्याच्या उलट म्हणजे वारा येतो तिकडे की जातो तिकडे, हे पत्रकात संदिग्ध आहे. मी दोरीवरच्या तुझ्या निळ्या चादरीकडे पाहून वारा कुठून येतोय ते दाखवलं. (तुझ्या पलंगावरची चादर मी दर आठवड्याला धुतो. धूळ बसते, म्हणून.) तरी वकिलांचा युक्तिवाद सुरूच होता, तेव्हा पायदळानं दोघांची मनगटं धरली आणि ओढत गल्लीच्या तोंडाशी नेलं. वाटेत दारं ठोठावून त्यानं सगळी घरं रिकामी केली, तिथून फोन केला आणि मग एकेकाला विचारू लागला, घरात अजून कुणी राहिलंय का?

ताई, मी म्हणालो, "ताई आहे."

विचार करून म्हणालो नाही. तोंडातूनच गेलं. आपल्या घरात कोण आहे असं कुणी विचारलं की मी आयुष्यभर हेच उत्तर देत आलोय. पायदळानं यंत्र माझ्या हातात कोंबलं आणि तो वळून घराकडे पळत सुटला. चांगला वीसेक पावलं गेला. तेव्हा मला भान आलं आणि मी जन्मात ओरडलो नव्हतो इतक्या जोरात ओरडलो, की नाही, नाही, ती नाहीये, ती अकरा महिन्यांपूर्वीच गेली, घरात कुणी नाही! साऱ्या गल्लीनं ऐकलं. पायदळ परत आला, यंत्र काढून घेतलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. माझ्या एका शब्दापायी तो माणूस आत शिरणार होता, हे आठवलं की अजून रात्री उठून बसतो. मी मजेत आहे असं वर लिहिलं ते खोडत नाही, पण घर फार मोठं झालंय, ताई. तुझी फार आठवण येते.

पुढचं थोडक्यात. कंपनीची माणसं आली, पुरवठा बंद केला, फाटलेली नळी बदलली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मीच कुदळ लपवली. आता तपासणी होईपर्यंत आपल्या घरचा गॅस बंद आहे आणि मी वकिलांकडे जेवतो. जेवण बरं असतं, पण उठू देत नाहीत. आणि 'वास येतोय' म्हणायची सोय नाही, कारण मला नाक नाही हे गल्लीला माहीत आहे. बसल्या बसल्या मला लहानपणीचं आठवत राहतं. तापातून उठल्यावर मी रडायचो आणि तू मला एकेक वास सांगायचीस. बाबांच्या कोटाला खडूचा येतो. नव्या वहीला गोड येतो. लिंबाचं पान चुरगाळलं की डोळे उघडल्यासारखं वाटतं. मला येणारे सगळे वास तुझ्या तोंडचे आहेत. गेल्या अकरा महिन्यांत एकही नवा आलेला नाही.

बाकी सर्व ठीक. लेकीला, जावयांना आणि चालणाऱ्या मंडळींना आशीर्वाद.

तुझा,
घुम्या

ता. क. : लिहायचं राहिलं. गुरुवारी कंपनीच्या तपासणीवाल्या बाई येणार आहेत. त्यांच्या फॉर्मात एक रकाना आहे: 'घरात वास ओळखू शकणारी व्यक्ती.' मी तिथं तुझं नाव घातलंय. बाई कडक आहेत, व्यक्ती समक्ष पाहिल्याशिवाय सही करत नाहीत.

ता. क. २ : खोटं कशाला बोलू? त्या रकान्याखाली 'किंवा गॅस ओळखणारं यंत्र' असंही छापलंय, आणि ते यंत्र पायदळानं कालच भिंतीवर बसवून दिलं. हिरवा दिवा लागतो. बाईंना तेवढं पुरेल.

ता. क. ३ : खिडकीखालचा खड्डा बुजवला. पाइपलाइनच्या जवळ झाड लावायचं नसतं, मुळं नळीला विळखा घालतात. पायदळाच्या सल्ल्यानं लिंबू मोठ्या कुंडीत, पुढच्या दारी लावलंय. त्याचं एक पान चुरगाळून या पाकिटात घातलंय. मला काही कळत नाही, तू हुंगून बघ. आणि वास आला, तर तिथंच लेकी-जावयासमोर पदर सावरून मोठ्यानं म्हण, "मला जरा वास येतोय." पुढचं तुला ठाऊक आहे. कशालाही हात लावायचा नाही. नुसती पिशवी उचलायची आणि निघायचं.