गुरुबसप्पाला सांगायचं कोणी

मंगळवार, ६ जानेवारी
सुदाम गेला.
हदगावहून त्याच्या पोराचा, माउलीचा फोन. "काका—" एवढंच म्हणाला. चाळीस वर्षं मोटारीचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगत आलोय. पोराच्या एका शब्दात कळलं. सकाळी शेतातून आला, बाजेवर बसला, चहा मागितला. बायको चांगुणाबाई चहा घेऊन येईपर्यंत खलास.
आम्ही चौघं नांदेडला एकाच उस्तादाच्या हाताखाली मोटारी भरायला शिकलो — विहिरीवरची जळालेली मोटार उघडून आत नवी तार गुंडाळायची. आता मी लातूरला, भुजंग बिलोलीला, गुरुबसप्पा शिरूर अनंतपाळला, सुदाम हदगावला — होता.
भुजंगला फोन लावला. "कळलं मला. ग्रुपवर टाकलं बी."
"काढ आधी. गुरुबसप्पा बघंल."
गुरुबसप्पाची बायपास होऊन आज अकरावा दिवस. तेवढ्यात त्याची सून दामिनी फोनवर. "काका, मी वाचलं. अप्पांचा फोन पिठाच्या डब्यात टाकलाय. डॉक्टर म्हणाले महिनाभर धक्का नको. पुढचं तुम्हीच बघा."
बघतो. आधी हदगाव गाठायचंय.

बुधवार, ७ जानेवारी
काल मातीला पोचलो. चांगुणाबाई रडता रडता थांबली अन् विचारलं, "गुरूभाऊ न्हाई आले?" सुदाम अन् गुरुबसप्पा एका ताटात जेवलेले. मी आपला शेजारच्या ताटातला.

शुक्रवार, ९ जानेवारी
शिरूरला गेलो, सांगायचं ठरवूनच. आमच्याकडं रीत आहे — मयताचा निरोप नेणाऱ्यानं त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. उंबऱ्यातून सांगायचं, मग बाकीचं.
गुरुबसप्पा उशीला टेकून बसलेला. "ये वीरण्णा. माझी बी मोटार भरून आणली बघ हैदराबादहून. कारागीर तुझ्यापेक्षा भारी व्हता."
दामिनीनं तांब्या पुढं केला. डोळ्यांत 'आज नको'. घेतला. प्यालो. वर चहाही प्यालो. झालं!
"सुदाम्याचा फोन न्हाई आला. घरच्या नंबरवर तरी करायचा."
"त्याचा फोन हौदात पडलाय." तोंडातून कसं निघालं देव जाणे.
"पडणारच. खिशाला बटन कधी लावलं त्यानं?" हसला. हसताना टॉवेलची घडी छातीशी दाबून धरावी लागते त्याला.

रविवार, ११ जानेवारी
पुन्हा शिरूर. पुन्हा चहा.

सोमवार, १२ जानेवारी
भुजंगचा फोन. "परवा संक्रांत. त्या दिवशी पहिला फोन सुदामचा जातो त्याला. विसरलास का?"
विसरलो होतो. कधी चुकला नाही सुदाम — फोन नव्हते तेव्हा पोस्टकार्ड टाकायचा, कडेला चार तीळ चिकटवून. परवा गुरुबसप्पा सकाळपासून वाट बघत बसणार. अन् मग कोणीतरी परका येऊन सांगणार. त्यात मी मातीला जाऊन आलोय, वर दोनदा त्याच्यासमोर बसून चहा प्यालोय. मला जन्मभर दारात उभं करणार नाही, अन् बरोबरच आहे त्याचं.
न सांगावं तर हे, सांगावं तर त्याचं काळीज. दामिनी म्हणाली, "या उद्या. मी जिभेखालची गोळी हातात ठेवते."

मंगळवार, १३ जानेवारी
सांगून आलो. म्हणजे सांगावंच लागलं नाही.
रस्त्यात दोनदा गाडी थांबवली. पोचलो तो उंबऱ्यातच थांबलो. दामिनीनं तांब्या आणला. मी हात मागं घेतला. गुरुबसप्पानं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"बस वीरण्णा. सुदामचं ना? मला ठाऊक हाय."
"कोणी सांगितलं?"
"कळतं. पाणी पी आधी. लांबून आलास."
बसलो अन् मलाच रडू फुटलं. तो पाठीवरून हात फिरवत राहिला. "तू रडून घे. मला डॉक्टरची बंदी हाय." सुदाम कधी गेला, कसा गेला, काही विचारलं नाही. ठाऊकच होतं म्हटल्यावर काय विचारणार? आवाजात जरासुद्धा खरखर नाही. मी कान लावून होतो.
येताना वाटेत दोन भाकरी खाल्ल्या, वरून ताकही मागून घेतलं. आठ दिवस पाठीवर पोतं होतं, उतरलं.

बुधवार, १४ जानेवारी
गुरुबसप्पाचा फोन आला, स्वतःच्या नंबरवरून. "तिळगूळ घे रे. बोलताना कानात पीठ जाऊन राहिलंय." किती हसलो! भुजंगलाही सांगितलं. तोही सुटला बिचारा.

रविवार, १८ जानेवारी
हदगाव. सुदामचा तेरावा. गुरुबसप्पाच्या घरून दामिनी आली होती. जेवणं झाल्यावर बाजूला घेऊन म्हणाली, "काका, त्या दिवशी तुमची गाडी निघाली अन् अप्पांनी गोळी मागितली. मग विचारलं, 'कधी गेला सुदाम? काय झालं व्हतं त्याला?' मी म्हटलं, तुम्हाला तर ठाऊक होतं ना? तर म्हणाले, 'वीरण्णा उभाच व्हता की. त्याला बसवायला नको?'"