मूकपटाचं तिसरं रीळ

६ फेब्रुवारी १९७९, मंगळवार

आज डाव्या कानावर. कारण — आमटीत मीठ जास्त. कारण प्रत्येक वेळी असतं, आणि प्रत्येक वेळी ते माझंच असतं! ऑफिसात मात्र माझा नवरा मधुकर देवमाणूस. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या विमलबाईंनी विचारलं, कान लाल कसा? म्हटलं, डास. वाशीत डासांच्या नावावर काहीही खपतं. लेक स्मिता रडत होती. तिला गप्प केलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

विमलबाईंची फिल्म सोसायटी उद्या शाळेच्या हॉलमध्ये जुना मूकपट दाखवणार. पडद्यावर मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात, त्या मराठीत मोठ्यानं सांगायचं काम माझ्या गळ्यात. आज दोन रिळांची तालीम. तिसरं उद्याच येणार.

आधी हसूच आलं. माणसं कशी तुरुतुरु चालतात! दीपगृहाचा राखणदार आणि एक मासेवाली पोर. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून हा रोज मासे घेतो आणि नेऊन मांजरांना घालतो, स्वतः खातच नाही. अर्ध्या तासानं लक्षात आलं, मी श्वास रोखून बघतेय. त्यात कुणी कुणावर ओरडत नाही. ओरडताच येत नाही! ती नुसती शाल सावरते आणि तिच्या मनातलं त्याला कळतं. घरी येताना एकटीच हसत होते. वेडी!

११ फेब्रुवारी, रविवार

हॉल भरला. मधुकर दुसऱ्या रांगेत, ऑफिसच्या मंडळींबरोबर, कडक इस्त्रीत. पुढं सतरंजीवर दिवाळे गावातल्या कोळणी — आमच्या बिल्डिंगीत मासे विकणारी पुतळा त्यांना घेऊन आली होती. मी पडद्याशेजारी उभी. दोन रिळं झकास गेली.

तिसरं मी पाहिलेलंच नव्हतं. दोघांचं लग्न झालंय. तिच्या हातून दिव्याची भलीमोठी काच फुटते. तो जिना चढून येतो. काच बघतो. हात वर करतो —

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसले. सगळ्यांदेखत!

वर पाहिलं तर तो तिच्या कपाळावरची काजळी पुसत होता. पाटी येऊन गेली, मी वाचलीच नाही. शेवटी पुतळाच बोलली, "मारला नाय तिला? कोन हाय हा बाप्या?" कुणी हसलं नाही. लोक मधुकरकडे बघत होते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

काल घरी आल्यावर पट्टा. बकलाच्या बाजूनं. चारचौघांत अब्रू काढलीस, म्हणाला. समोरचा दात अर्धा गेला. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. बरगडीत श्वास घेताना कळ येते.

मी वरवंटा उचलून फेकला. नेम चुकला, आरसा फुटला. पुन्हा उचलला. या वेळी त्याच्या गुडघ्यावर बसला. तो कोसळला, विव्हळला. मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते — बरं वाटलं!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

विमलबाईंकडे आले. मी, स्मिता आणि कपड्यांची एक पिशवी. मधुकर दारापर्यंत लंगडत आला, पुढं नाही. विमलबाई म्हणाल्या, हवे तितके दिवस राहा. संध्याकाळी पुतळा कोलंबी घेऊन आली, पैसे घेईना.

दिवसभर तो राखणदार डोळ्यांपुढं. तसा माणूस जगात नसेलही, पण कुणाला तरी तो सुचला होता ना! स्मिता आता माझ्याजवळच वाढेल. तिच्या घरात कुणी हात उचलणार नाही. एवढं एक तरी मी तिला देणारच.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

स्मिता परत गेली. सात वर्षांची पोर, दप्तर पाठीला लावून एकटी बापाकडे निघाली. गेटपाशी गाठून हात धरला, तर म्हणाली, "बाबा तुला मारतात. मला तू मारतेस."

मागची सगळी पानं चाळली. मी हे कुठंच लिहिलेलं नाही.