जनरलची माफी

प्रिय गेणू,

गुडघ्याचं प्लॅस्टर निघालं, असं तुझ्या आईकडून कळलं. मी तुला बघायला इंदुरीला आले नाही, साधा फोनही केला नाही. बारावीचे पेपर तपासायचे होते, हे कारण तुला पटणार नाही. मलाही पटत नाही.

आपल्या बचाव पथकात तुला सगळे 'जनरल' म्हणतात ते माझ्यामुळे. राजमाचीवर चहा पिताना नेपोलियनच्या वांदाम नावाच्या फ्रेंच जनरलची गोष्ट मीच सांगितली होती. लढाईत वाघ, पण तोंडाचा फाटका. वरिष्ठांशी सदा भांडण, म्हणून एवढा पराक्रम करूनही मार्शलपद मिळालं नाही. शेवटी कुल्मच्या लढाईत शत्रूच्या मागे लागून पुढे गेला, मागून मदत येईल या भरवशावर. ती आली नाही. पकडला गेला, आणि खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. सगळे तुझ्याकडे बघून हसायला लागले, तर तू म्हणालास, "लय ग्वाड माणूस व्हता की मग!"

त्या रविवारी दरीत पडलेल्या पर्यटकाला काढायला तू उतरलास. त्याआधी सकाळी नव्या मुलांसमोर माझा पाणउतारा केला होतास. "मास्तरीणबाई, फळ्यावर गाठ काढून दोर टिकत न्हाई!" सगळे खिदळले. मला ते फार झोंबलं. मग दरीतून वायरलेसवर तू मला ओरडलास, "दुसरी तुकडी धाड, आत्ता!" त्या तुकडीतले कैलास आणि बाकीचे दोर खांद्यावर टाकून माझ्यासमोर उभे होते. मी तुला सांगितलं, निघाली. आणि त्यांना म्हटलं, थांबा जरा. त्यांना वाटलं, तुझाच निरोप असेल. नीट बोलायला शिकू दे याला, एवढंच माझ्या मनात होतं. तू माझ्या शब्दावर विसंबून त्या माणसाला पाठीशी बांधून चढायला लागलास. तो वाचला. तुझा पाय घसरला.

तुकडी येईपर्यंत थांबला का नाहीस, असं अध्यक्ष कोंडाजीभाऊंनी विचारलं, तर तू कुबड्यांवर उभा राहून त्यांच्याच सात पिढ्या उद्धरल्यास. नेतृत्व काढून घ्यायला त्यांना आयतं निमित्त मिळालं. तुकडीला वाटेत उशीर झाला असेल, असंच तू धरून चाललास. माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाहीस. मी शेजारी बसून इतिवृत्त लिहीत होते.

काल बैठकीत तुझा निरोप आला. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला तू, आणि म्हणतोस, "माझीच घाई झाली. माफी करा. पुढारपण नको, पण दोर धरायला तरी येऊ द्या." सचिव म्हणून तो मीच मोठ्याने वाचला, आणि माझा आवाज कुठेही अडखळला नाही. त्याचीच मला किळस येतेय. गेणू, तुकडी मी अडवली. रविवारी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण आधी तुला कळावं म्हणून हे लिहिलं. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. ती माफी मात्र परत घे, ती मी मागायची होती.

अजूनही तुझी मैत्रीण म्हणवून घेतेय म्हणून,
तुझीच
प्रेरणा