दोन घरचे काठ

बाबा, माझा धंदा तुम्हाला कधी कळला नाही असं घरात अजून म्हणतात, आणि मी हसून सोडून देते. खरं तर तुमच्याइतका तो कोणालाच कळला नव्हता. पुण्याच्या मोठ्या कंपनीतल्या साहेबांना समजावताना मला फळ्यावर चौकोन आणि बाण काढावे लागले, तरी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या काही जाईनात. तुम्हाला मी पवनीच्या स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता सांगितलं आणि चहा निवायच्या आत तुमचं समजून झालं होतं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. नागपूरची नोकरी सोडून मी भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेलगत दोन खोल्या घेतल्या होत्या, कारण तिथे फोनची लाइन त्यातल्या त्यात बरी होती. आम्ही चौघं आणि सात कॉम्प्युटर. वीज गेली की चौघंही दारात उभे राहून ट्रक बघायचो. आईला काळजी, की पोरीनं बरी नोकरी सोडून हे काय मांडलं. मी सांगितलं, एक मोठं गणित असतं, एका कॉम्प्युटरला महिना लागेल असं. आमचं सॉफ्टवेअर त्याचे तुकडे करतं, कॉलेजात आणि ऑफिसात जे कॉम्प्युटर रिकामे बसलेले असतात त्यांना वाटतं आणि उत्तरं गोळा करून जोडतं. आई म्हणाली, "मले तं काईच नाई समजलं." तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "समजाले काय आहे त्याच्यात? मी एवढे वर्षं काय करून राहिलो मंग?"

खरंच होतं ते. व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली की तुम्ही सूत घेऊन आपल्या विणकरांच्या गल्लीत निघायचात. कोण धानाच्या रोवणीला गेलंय, कोणाकडे लग्न आहे, कोणाचा माग रिकामा आहे, सगळं तुम्हाला पाठ. एखाद्या घरातून मागाची खटखट ऐकू आली नाही की तुमची पावलं आपोआप तिकडे वळायची. वीस घरांत विणलेलं कापड शेवटी एकाच गठ्ठ्यात नागपूरला जायचं आणि घेणाऱ्याला ते एकाच हातचं वाटायचं. मी अभिमानाने मान डोलावली, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "पन एकाद्यानं वाईट विनलं तं तुह्या मशीनले कसं समजते वं?"

चार महिने रात्रंदिवस खपून बांधलेल्या सॉफ्टवेअरला हे कळत नव्हतं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "दोन घरी देजो." तुमची रीतच होती ती. साडीचा एकच करवती काठ, करवतीच्या दातांच्या नक्षीचा, दोन घरी विणायला द्यायचा, एकाचं दुसऱ्याला न सांगता. विणून आलं की तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर दोन्ही शेजारी अंथरून करवतीचे दात मोजत बसायचात आणि आई पोळपाट उचलून तुम्हाला वळसा घालून जायची. चूक निघालेल्या घरी तुम्ही एकटेच जायचात. कोणाकडे गेलात ते गल्लीला कधीच कळलं नाही, आणि आम्हालाही नाही.

ऑफिस सुरू झालं त्या दिवशी सगळ्यांनी देवांच्या तसबिरी आणल्या आणि तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून काठाच्या दोन पट्ट्या आणल्यात. एका पट्टीत करवतीचा एक दात गळालेला. मी विचारलं कोणाची, तर तुम्ही म्हणालात, "हे माह्या हातची. आपल्या घरचं बी दुसऱ्या घरासंगं ठेवून पायजो." मला तेव्हा ती गंमत वाटली होती. पण एक तुकडा दोन मशीनना द्यायचा आणि उत्तरं जुळली तरच घ्यायची, हे मी त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरमध्ये घातलं. पुण्याची कंपनी आमच्याकडे भागीदारीसाठी वळली ती त्याच्याचमुळे.

मोठ्या घरात सून म्हणून जावं तसं झालं मग. नाव त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं, बैठकीत शेवटची खुर्ची आमची. वाईट नव्हते ते लोक, घाईचे होते. नद्यांच्या पुराचं गणित करणारं एक मोठं गिऱ्हाईक चाचणी बघणार होतं. साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, तेच काम दोनदा करण्यात अर्धा वेळ जातो. ते काढून टाका." मी एकदाच नाही म्हटलं, दुसऱ्यांदा त्यांनी विचारल्यावर काढून टाकलं. त्यांचे चाळीस कॉम्प्युटर आणि आमचे सात मिळून गणित धावलं, साहेब खूश झाले. चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला की उत्तरात एका गावी नदीचं पाणी टेकडी चढून गेलंय. पुण्याचे लोक हादरले, भागीदारी तुटायच्या बेतात आली. त्यांच्याच एखाद्या मशीनचा हा पराक्रम आहे, याची मला अगदी खात्री होती. मी तुमची रीत परत चालू केली, सगळे तुकडे पुन्हा दोन-दोन घरी दिले. चुकलेली सगळी उत्तरं एकाच मशीनची निघाली. आमच्या खिडकीजवळचं, तिसरं. त्याची मेमरी खराब झाली होती. मशीन दिसायला छान चालायचं आणि मधूनच खोटं बोलायचं.

पुण्याला मी खरं सांगितलं. साहेब हसले, आणि काम पुढे चालू राहिलं. त्यांच्यासमोर मला फारशी लाजही वाटली नाही.

त्या रविवारी मी पवनीला आले. तुम्हाला धाप लागत होती, उशाला तीन उशा होत्या, तरी फोनवर सांगितलेल्या त्या चुकीबद्दलच तुमचा पहिला प्रश्न. "सापडलं काय?" मी म्हटलं, सापडलं. "कोन्या घरचं निघालं?"

मी म्हटलं, "त्यांच्या."

तुम्ही धाप आवरत म्हणालात, "चार लोकाईत बोलू नोको मंग. मोठ्या घरचे आहेत, त्याइले लाज जास्त वाटते. एकटीच जाजो अन हळूच सांगजो." मी हो म्हटलं. माझ्या खोट्यावर तुम्ही इतक्या मायेने पांघरूण घातलंत की ते मागे घ्यायला मला जागाच उरली नाही. पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही राहिला नाहीत.

कंपनी मी या महिन्यात बंद केली, बाबा. सॉफ्टवेअर आता सगळं त्यांचं आहे, आमचं नाव कधीच गेलं. पण प्रत्येक तुकडा अजून दोन घरी जातो, ते काढायचं नाही एवढी एकच अट मी शेवटी घातली होती. शहापूरच्या खोल्यांना कुलूप लावलं आणि तुमच्या दोन पट्ट्या घेऊन घरी आले. हा कागद त्यांच्या मध्ये घडी करून ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार?

तुम्ही सांगितलं होतंत तसंच करतेय. एकटीच आलेय आणि हळूच सांगतेय. आपल्या घरचं निघालं होतं, बाबा.