मुग्धाच्या वहीतलं तुमचं पान

प्रिय शेवंताबाई,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याची मला सवय नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो, आम्हाला अहवाल लिहायची सवय. पण परवा माझी विद्यार्थिनी मुग्धा हिच्या वहीतलं तुमचं पान काढून पाहिलं, आणि हा अहवाल कुणाला पाठवायचा तेच कळेना. म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

आमची योजना तुम्हाला कधी कुणी नीट सांगितली होती का? आता पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक मुलाला गावातलं एक कुटुंब नेमून देतात. पूर्वी मुलं वर्षभर हाडांची नावं घोकायची, जिवंत माणूस फार उशिरा भेटायचा. मला ही नवी पद्धत आवडली. मीच चंद्रपूरहून गाडी भरून पोरं भद्रावतीजवळच्या तुमच्या गावात आणली आणि मुग्धाला तुमचं घर दिलं.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आपण आहारात काय घेता?" तुम्ही म्हणालात, "जे राह्यते ते खातो, बाई. तू जेवली का?" हे उत्तर लिहायला तिला रकानाच सापडेना.

रक्तदाब मोजणं मात्र तिला छान जमायचं. प्रयोगशाळेत एकमेकांच्या दंडावर घोटून घेतलं होतं. परवानगी घे, बाही वर कर, पट्टा बांध, आवाज ऐक, आकडा लिही. प्रत्येक पायरीला गुण. चार भेटी, चार आकडे, चारही चढे. प्रत्येकाखाली माझी सही.

तिसऱ्या भेटीत बाकीच्या मुलांना घेऊन मी दारात उभा होतो. तुम्ही तिला म्हणालात, "मागच्या बारी डाव्या हाताले बांधला होता, आता उजव्याले बांध. बांधला का बरं वाटते मले." मुलं हसली, मीही हसलो. वीस वर्षं शिकवतो आहे मी, आणि बाई पट्ट्यालाच औषध समजते आहे हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तुमचाही थोडा राग येतो, लपवत नाही. आम्हाला चहा पाजलात, शेजारणींना बोलावून आणलंत, मग एकदा तरी विचारायचं होतं, आकडा काय आला म्हणून! पण का विचाराल? तपासणारा गप्प उठला म्हणजे सगळं ठीक, असंच कुणालाही वाटेल.

मुग्धा का बोलली नाही? तिला माहीतच नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही मोजायला शिकवतो. वाढलेल्या रक्तदाबाचं काय करायचं, ते पुढच्या वर्षांत येतं. तोवर तो आकडा बघायला माझी नेमणूक आहे. मी रकाने भरलेत का, एवढंच बघितलं.

कापूस वेचताना तुम्ही बांधावर कोसळलात. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मागच्या महिन्यात तुमच्या घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा तुमची सून वनिता म्हणाली, "दवाखान्यात चाला म्हणून किती सांगतलं. तर म्हणे, कॉलेजची पोरगी पट्टा बांधून राह्यली ना, मंग काऊन जाऊ?" ती चिडून बोलत नव्हती. चहा ठेवू का, असंही तिने विचारलं. मी नको म्हटलं आणि निघालो. मला लाज वाटली, शेवंताबाई.

मुग्धाला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही गेल्याचं कळल्यावर ती रडली, एवढंच. त्या भेटींसाठी वर्गात सगळ्यांत जास्त गुण तिला आहेत, मीच दिलेत. सांगितलं नाही, तर पुढच्या घरीही ती आकडा लिहून गप्प उठेल. सांगितलं, तर पोर कायमची धास्तावेल. महिनाभर मी टाळाटाळ करतो आहे.

आता तुम्हाला वचन देतो. ज्याचा आकडा त्याला तिथल्या तिथे समजावून सांगितल्याशिवाय, आणि चढा असेल तर आमच्याच गाडीत बसवून दवाखान्यात नेल्याशिवाय, मी कुठल्याही पानावर सही करणार नाही. आणि उद्या मुग्धाला बोलावणार आहे. वही तिच्यापुढे ठेवून आधी माझ्या सह्यांवर बोट ठेवीन. मग सांगीन, तुझे चारही आकडे बरोबर होते, पोरी. मी ते पाहिले असते, तर कदाचित शेवंताबाई आज असत्या.

तुमचा अपराधी,
सुधाकर