हिरवी गिटार आणि पंधरा दिवसांची मुदत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर असणार, तेव्हा लाल पेन जवळ घेऊनच वाचायला बस (मागचं पत्र तू तपासून परत पाठवलंस, त्यात दहापैकी साडेपाच मिळाले होते, बायकोने ते फडताळाला चिकटवून ठेवलं आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? जिने कमी चढतेस की अजून शेजारणीला किल्ली द्यायला चौथ्या मजल्यावर जातेस? मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उतरून सहा वर्षं झाली, आता इमारतीतल्या सगळ्यांना शिस्त लावायची जबाबदारी तुझ्यावर नाही, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो. इकडे सगळे मजेत. लेक परीक्षेत बुडाली आहे, चष्म्याचं दुकान नेहमीसारखं चालू आहे. माझीही तब्येत उत्तम, फक्त डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं सोलून निघाली आहेत. घाबरू नकोस, त्याचं असं झालं.

दोन महिन्यांपूर्वी दुकानात एक बेकरीवाले आले. सव्वीस फ्रेमी लावून पाहिल्या, आरशापुढे मान वाकडी केली, सरळ केली, आणि शेवटी मलाच विचारलं, की बाकी सोडा, तुम्हाला स्वतःला यातली कुठली आवडते? ताई, उत्तराऐवजी मी त्यांच्या हातात सत्ताविसावी फ्रेम ठेवली. तीस वर्षं मी लोकांना काय शोभतं ते छातीठोकपणे सांगत आलो आहे, पण मला काय आवडतं हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता (मीही नाही). घरी आलो आणि एकेक वस्तू बघत सुटलो. पडदे बायकोने निवडलेले, सदरे लेकीने. नाकावरची फ्रेम तू निवडलेली. चष्म्याचा धंदा तूच निवडलेला, कारण माझा हात स्थिर आहे असं तुझं मत होतं. बायको तूच शोधलीस. आई गेल्यावर मला वाढवलंस तू, तेव्हा हे सगळं तुझ्याच माथी येणार होतं, आणि मी तक्रार करत नाही. तक्रारीला तू जागाच ठेवली नाहीस! माझी ती सायकल आठव. मी हिरवी पसंत केली होती आणि तू दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन ती बदलून काळी आणलीस, कारण काळ्यावर मळ दिसत नाही. ती काळी सायकल मी अकरा वर्षं चालवली आणि एकदाही बिघडली नाही. तुझं चुकतच नाही, हीच तर माझी पंचाईत आहे.

असं शोधता शोधता मला स्वतःची म्हणावी अशी एकच आवड सापडली. शाळेत असताना एका मित्राच्या भावाकडे इलेक्ट्रिक गिटार होती. तो खोलीत नसताना मी तिच्या जाड तारेला एकदा बोट लावलं होतं. एवढंच. पण तो आवाज चाळीस वर्षं माझ्या पोटात कुठेतरी बसून आहे. म्हणून ठरवलं, की गिटार घ्यायची, वाजवायला शिकायचं, आणि निवडताना कुणालाही विचारायचं नाही.

कुणालाही न विचारता मग मी इंटरनेटवर जवळजवळ शंभर अनोळखी लोकांना विचारलं. एक म्हणतो हलकी घ्या, दुसरा म्हणतो हलकीत दम नसतो. एक म्हणतो दांडी बारीक हवी, दुसरा म्हणतो बारीक दांडीने अंगठ्यात पेटके येतात. मी तक्ता केला. आडव्या रकान्यात गिटारी, उभ्या रकान्यात गुण, आणि शेवटी बेरीज. बेरजेत सात गिटारींना सारखेच गुण पडले. आठवी पहिली आली होती, पण ती डावखुऱ्यांसाठीची निघाली.

शेवटी माझ्या दुकानापासून तीन गल्ल्या पलीकडे एक वाद्यांचं दुकान आहे, तिथे गेलो. चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यांनी तीन गिटारी पुढे मांडल्या. एक स्वस्तातली, एक बघूनच घाम फुटावा अशा किमतीची, आणि एक मधली. ताई, हाच डाव मी रोज माझ्या गिऱ्हाइकांवर टाकतो! महागडी फ्रेम ठेवायची ती विकायला नव्हे, मधली रास्त वाटावी म्हणून. सगळं ओळखून मी मनात हसलो आणि मधल्या भावातल्याच दाखवा म्हणालो. मग खिशातून फ्रेमी मोजायची पट्टी काढून एकेक दांडी मोजायला घेतली. बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, की कपाट बसवायचं आहे का? मी पट्टी खिशात घातली. नुसतं बघतोय असं दाखवायला एका गिटारीची चकती फिरवली, दुसऱ्या हाताने तार छेडली, आणि असा काही स्फोट झाला की बासरी बघायला आलेल्या एक आजीबाई खुर्चीतच बसत्या झाल्या (ती चकती आवाजाची होती, आणि गिटार ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडलेली होती). त्यांची माफी मागण्यात अर्धा तास गेला. त्या गोंधळात मी घाईघाईने एक गिटार बांधून घेतली.

ती तपकिरी होती. भारदस्त, लाकडी, मळ न दिसणारी. घरी आणून गळ्यात अडकवली तेव्हा कळलं की साडेचार किलोची आहे. तीन दिवसांत माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला. दांडी इतकी जाड की माझी आखूड बोटं पलीकडच्या तारेपर्यंत पोचेनात. चौथ्या दिवशी गिटारीकडे बघत बसलो होतो आणि लख्ख कळलं, की ही मला आवडलेली नाहीच. ही तुला आवडली असती म्हणून मी घेतली. तू दुकानात नव्हतीस, शहरातही नव्हतीस, तरी निवडलीस तूच! मला हसूही आलं आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. चोपन्न वर्षांच्या माणसाला स्वतःची आवड कळू नये?

पंधरा दिवसांत परत घेण्याची त्यांची सोय होती, तेव्हा गिटार उचलून पुन्हा बाईंकडे गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, भिंतीकडे तोंड करून बसा. मग माझ्या पाठीमागे त्यांनी एकच चाल एका गिटारीवर वाजवली, मग दुसरीवर, आणि विचारलं, आधीची बरी की आत्ताची? ताई, तीस वर्षं मी अंधाऱ्या खोलीत माणसांपुढे भिंगं बदलत हाच प्रश्न विचारत आलो आहे! गिऱ्हाईक अडखळलं की मी मनातल्या मनात वैतागतो, एवढं काय त्यात म्हणून. आता मी स्टुलावर बसून घामाघूम झालो होतो. पहिल्यांदा दोन्ही सारख्याच वाटल्या. मग बाईंनी तेच सांगितलं जे मी सांगतो, की बरोबर उत्तर शोधू नका, जे वाटतं ते बोला. तेव्हा कुठे कान उघडले. एकीचा आवाज जाड, साखरेच्या पाकासारखा, एक स्वर दुसऱ्यात बुडालेला. दुसरीचा मोकळा, कडेला जरा खरखरीत, पण प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारी. मी म्हणालो, ही. बाईंनी जागा बदलून तीनदा फिरवून विचारलं, आणि तीनही वेळा मी तीच गिटार निवडली. मग वळून बघितलं.

हिरवी! आणि तीही साधी नव्हे, दवाखान्याच्या भिंतीसारखी फिकट हिरवी, वर पांढरी पट्टी, म्हणजे धूळसुद्धा लांबून दिसणार. बाई म्हणाल्या, याच प्रकारात काळीही येते, हवी असेल तर चार दिवसांत मागवते. मी ती मांडीवर घेतली. तीन किलोंच्या आसपास. दांडी माझ्या अंगठ्यात अशी बसली की बोटांनी पलीकडची तार आपणहून गाठली. बाईंनी हेही प्रामाणिकपणे सांगितलं, की या जातीच्या गिटारी ॲम्पला लावल्या की जरा गुणगुणतात, जाड आवाजवाल्या तशा गुणगुणत नाहीत. मी म्हणालो, गुणगुणू दे, आणि हिरवीच बांधा.

बायकोने गिटार पाहिली, रंग पाहिला, आणि इस्त्रीचं टेबल सरकवून कोपऱ्यात जागा केली. लेकीने हेडफोन घेऊन दिला (माझ्यासाठी, की मी ॲम्पला लावून वाजवावं, पण आता ती स्वतःच तो लावून अभ्यास करते). मला दोन कॉर्ड (म्हणजे दोन-तीन तारा एकदम दाबून काढायचे सूर) येतात. तिसरी येते, पण दुसरीवरून तिसरीवर जाताना मध्ये एवढा वेळ जातो की ऐकणाऱ्याला गाणं संपलं असं वाटतं. तरी ताई, रोज दुकान बंद करून घरी येताना माझी पावलं भराभर पडतात. असं मला पूर्वी कधी होत नव्हतं.

बाकी क्षेम. गुडघ्याला तेल लाव आणि किल्ली शेजारणीला खाली येऊन न्यायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. तू बारा तारखेला इकडे येते आहेस, त्याची आम्ही सगळे वाट पाहतो आहोत. फक्त एक बारीकशी विनंती. बारा ऐवजी वीसला येता येईल का? त्या दिवसांत म्हणे गाड्यांना गर्दी असते.

ता. क. २. गाड्यांना गर्दी वगैरे काही नसते. हिरवी गिटार परत करायची मुदत अठराला संपते. तू बाराला आलीस आणि चष्म्यावरून नुसतं तिच्याकडे पाहिलंस, तर तेराला मी काळी मागवायला दुकानात जाईन. मला माझी खात्री नाही. म्हणून वीस.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी बायकोने पत्र वाचलं. तिने एवढंच विचारलं, की समजा ताई म्हणाल्या परत कर, तर करशील? मी नाही म्हणालो. आधीची की आत्ताची असं काही न करता, एकदम. माझं मलाच आश्चर्य वाटलं. तेव्हा वीसचं सगळं खोडलेलं समज आणि बारालाच ये. रंग आवडला नाही तर तसं सांग, वाजवणं आवडलं नाही तर तेही सांग, दहापैकी गुण दे. मला वाईट वाटेल आणि गिटार घरातच राहील. पण ये नक्की, कारण दोन कॉर्डचं का असेना, गाणं बसवतो आहे ते तुला ऐकवण्यासाठीच.